आखाजी ते आखाजी: खान्देशात तीन एकरांवर घरापुरतं पिकवताना

खान्देशात शेतीचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुरू होतं. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचं, साल आखाजीला ठरतं, बटाईचा हिशेब आखाजीला होतो, माहेरवाशिणी झोक्यावर बसतात त्याही आखाजीलाच. आम्ही पुण्याचं भाड्याचं घर सोडून भडगाव तालुक्यातल्या गिरणाकाठच्या गावी परत आलो, तेही २०१७ च्या आखाजीच्या सुमारास. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाईंना सगळी गल्ली जिजी म्हणते, म्हणून आम्हीही जिजीच म्हणतो. वाट्याचं वावर तीन एकर. दोन एकर काळं, एक एकर मुरमाड. विहीर एक, तीही फेब्रुवारी सरला की तळाला जाणारी.

"घरचंच खायचं" ठरवून गावाकडे येणारी बरीच कुटुंबं आता दिसतात. आमच्याकडे चौकशीला येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, "जमीन किती लागेल?" माझ्या मते सुरुवात जमिनीपासून करूच नये. सुरुवात स्वयंपाकघरातून करावी. आम्ही पहिल्या वर्षी उलटं केलं आणि त्याची किंमत मोजली. म्हणून खालचा क्रम आम्ही केला तसा नाही, करायला हवा होता तसा लिहिते आहे.

पहिली पायरी: किराण्याची यादी

तीन महिने घरात विकत आलेली प्रत्येक वस्तू वहीत लिहा. तेलाची पिशवी, हिंगाची डबी, पोरांची बिस्किटं, सगळं. मग यादीचे तीन भाग करा. जे वावरात पिकू शकतं, जे घरी बनू शकतं आणि जे कायम विकतच आणावं लागणार. मीठ, चहा, साखर, औषधं, शाळेची फी, मोबाइलचं रिचार्ज हे तिसऱ्या भागातलं. ही यादी समोर असली की "सगळं घरचं" हा भ्रम पहिल्याच दिवशी जातो आणि रोख पैसा देणारं एक पीक लागेल हे कळतं.

आता वर्षाचं माप काढा. कष्टाची कामं करणारं माणूस दिवसाला सरासरी ४०० ग्रॅम धान्य खातं. पाच माणसांचे दिवसाला दोन किलो, म्हणजे वर्षाला सात-सव्वासात क्विंटल. त्यात आमच्याकडे ज्वारी निम्म्याहून जास्त, बाकी गहू. डाळी माणशी रोज ५०-६० ग्रॅम धरल्या तर वर्षाला एक क्विंटल. तेल महिन्याला तीन किलो, वर्षाला ३६ किलो. हे आकडे तुमच्या घराचे वेगळे निघतील. पण निघाले पाहिजेत, अंदाजाने पेरणी करू नका. पहिल्या वर्षी आम्ही उत्साहाच्या भरात अर्धा एकर मेथी-कोथिंबीर टाकली आणि तेल-डाळ मात्र वर्षभर दुकानातून आणली. मेथी खाऊन किती खाणार? जिजी तेव्हा एकच वाक्य बोलल्या, "पहिले घरनं देख, मंग बजारनं." आज आमच्या शेतीचा सगळा आराखडा त्या एका वाक्यावर उभा आहे.

दुसरी पायरी: गुंठ्यागुंठ्याची वाटणी

तीन एकर म्हणजे १२० गुंठे. दोन-तीन वर्षं बदल करत करत आमची वाटणी आता अशी बसली आहे. कापूस ४० गुंठे, तो रोख पैशासाठी. दादर ३० गुंठे. गहू १५, भुईमूग १५. चारा ८, भाजीपाला ५ आणि घर-गोठा-खळं मिळून ७.

दादर म्हणजे आपली रब्बीची गावरान ज्वारी. काळ्या रानातल्या ओलीवर येते, पाणी मागत नाही, कडबाही देते. तिच्याआधी त्याच रानात खरिपाला मूग-उडीद घ्यायचे. ते भाद्रपदात निघतात, जमिनीला नत्र देऊन जातात आणि दादर पेरायला रान मोकळं होतं. तुरीसाठी वेगळं रान काढूच नका. कापसाच्या सहा-आठ ओळींमागे एक ओळ तुरीची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे, तीत घरापुरती तूर सहज होते. उडीद मात्र कमी पेरू नका. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ज्या घरात हिवाळाभर होते तिथे उडीद कधीच उरत नाही.

भुईमुगाचा हिशेब सांगते, कारण तेलाचा खर्च सगळ्यांनाच टोचतो. १०० किलो शेंगांतून साधारण ७० किलो दाणे निघतात आणि घाण्यावर त्यांचं २८-३० किलो तेल पडतं. म्हणजे ३६ किलो तेलाला सव्वा क्विंटलच्या वर शेंगा हव्यात. १५ गुंठ्यांतून आम्हाला दोन-अडीच क्विंटल मिळतात. तेल, चटणीचे दाणे आणि पुढचं बियाणं त्यात भागतं. पेंड घरी परत आणायची, घाण्यावर सोडायची नाही. गायीच्या खुराकाचा तो मोठा आधार आहे.

पहिल्याच वर्षी रासायनिक खत एकदम बंद करू नका, असं मी स्पष्ट सांगेन. माती परीक्षण करून घ्या. घरच्या खाण्याच्या रानापासून सुरुवात करा, कापूस शेवटी आणा. जीवामृत आम्ही नैसर्गिक शेती शिकवणाऱ्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीनेच करतो. २०० लिटर पाण्यात १० किलो देशी गायीचं शेण, तितकंच गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. दोन-तीन दिवसांत वास आंबूस झाला की एका एकराला सोडायचं. कापसाबाबत एक गोष्ट जिवाच्या करारावर पाळा: फरदड ठेवू नका, म्हणजे वेचणी संपल्यावर तोच कापूस पुढे राखू नका. डिसेंबरअखेर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळली झाडं, उपटल्या नाहीत तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो.

तिसरी पायरी: पाणी, आणि पुन्हा पाणी

खरं तर घर बांधण्याआधी, गाय आणण्याआधी, झाड लावण्याआधी हे करायचं. आपल्याकडे जळगाव जिल्ह्यात सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, धुळ्याकडे त्याहून कमी. तो पडतो चार महिने आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. या दोन टोकांमधलं अंतर तुम्ही कसं भरता यावर बाकी सगळं अवलंबून आहे.

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. आमच्या घर-गोठ्याचं छप्पर १,००० चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर. ७०० मिलिमीटर पावसात त्यावर ६५,००० लिटर पाणी पडतं. उडालेलं, वाहून गेलेलं सोडलं तरी ५०,००० लिटर हाती लागतं. पाच माणसांना दिवसाला माणशी ५५ लिटर धरले तर ते सहा महिन्यांचं पाणी झालं. आम्ही १०,००० लिटरची टाकी बांधली आणि बाकीचं पाणी विहिरीत सोडलं.

विहिरीत सोडताना गढूळ पाणी थेट सोडू नका. गाळाने झरे बुजतात. विहिरीपासून आठ-दहा फुटांवर सहा फूट लांब, सहा रुंद, सहा खोल खड्डा घ्या. तळाला मोठे दगड, वर खडी, मग बारीक खडी, सगळ्यात वर वाळू. तळातून पाइप काढून विहिरीत द्या. वावराच्या उताराचं पाणी एका चारीतून आधी छोट्या गाळखड्ड्यात आणि मग या खड्ड्यात आणायचं. दरवर्षी रोहिणी लागल्या की वरची वाळू काढून धुवायची. हे एक वर्ष चुकलं तर खड्डा काम करत नाही. आमचं एक वर्ष चुकलं होतं, पहिल्याच मोठ्या पावसात सगळं पाणी खड्ड्यावरून वाहत शेजाऱ्याच्या रानात गेलं. आता आमची विहीर एप्रिल काढते. मे काढत नाही, ते मान्य करूनच मे महिन्याची आखणी करावी लागते.

पाणी वाटून घेण्यात खान्देशाचा हात कोणी धरू नये. पांझरा नदीवरची फड पद्धत शेकडो वर्षांची. नदीवर बंधारा, तिथून पाट, आणि एका फडात, म्हणजे रानाच्या एका पट्ट्यात, सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाण्याची पाळी भांडणाशिवाय फिरते. पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड सगळ्यांनी मिळून कोरडेच ठेवायचे. आम्ही घरच्या पाच गुंठ्यांच्या भाजीलाही हाच नियम लावला आहे. मार्चनंतर पाचपैकी तीन गुंठे बंद. उरलेल्या दोनवर ठिबक, वर ५० टक्क्यांची शेडनेट आणि वाफ्यांवर केळीच्या वाळल्या पानांचं चार बोटं जाड आच्छादन. वेलांच्या बुडाशी एकेक मातीचं भाजकं मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं असतं, ते दोन दिवसांनी भरायचं. मुलांनी हे काम आपल्याकडे घेतलं आहे, शाळेत जाण्याआधी मडकी भरतात.

पंपासाठी सौर पर्याय बघा. राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, त्यापुढे पाच एकरांपर्यंत ५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. रात्रीच्या विजेसाठी दीड वाजता उठून वावरात जाणं थांबलं, एवढ्या एका गोष्टीसाठीही तो घ्यावा.

चौथी पायरी: पाच गुंठे भाजी

भाजीची आखणी महिन्यांनुसार करा. मृग बरसला की भेंडी, गवार, चवळी, दोडकी, गंगाफळ. जून-जुलैत वांगी-मिरचीची रोपं. दिवाळीच्या पुढेमागे मेथी, पालक, मुळा, लसूण, कांद्याचं रोप. कडेला शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई. वाऱ्याला आडोसा म्हणून केळीच्या बागेभोवती लावतात तशी शेवरीची दाट ओळ, शेळ्यांना तिचा पालाही चालतो. आषाढात भाज्या महाग असतात तेव्हा बांधावरचा तरोटा, घोळ, कुंजरू विसरू नका. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने तर रानभाज्यांची स्पर्धाच भरवली. तिथले चैत्राम पवार यांना जंगल राखण्याच्या कामासाठी २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

वांग्याबद्दल मात्र थांबून लिहिते. जळगावच्या भरीताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. हिरवट पांढरं, लांबट, बिया कमी, गर भरपूर. आपल्या घरासाठी वीस झाडं पुष्कळ झाली. रोप गावातूनच घ्या. पहिल्या वर्षीच्या सगळ्यात निरोगी झाडावरची दोन वांगी पिवळी होईपर्यंत ठेवून त्यांचं बी राखेत चोळून वाळवा. थंडी पडली की कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यात वांगी टाकायची, टाकण्याआधी त्यांना तेलाचा हात लावायचा. साल तडकून पाण्याचे थेंब जाळात फसफसायला लागले की झालं. सोललेला गर लाकडी बडगीत हिरवी मिरची-लसणाबरोबर ठेचायचा आणि वरून कांद्याची पात, भाजलेले दाणे. पऱ्हाटी आपली, वांगी आपली, दाणे-तेल आपलं, कळण्याची भाकरी आपली. पहिल्यांदा असं ताट वाढलं तेव्हा आमचे हे जेवता जेवता थांबले आणि ताटातलं एकेक बोटाने मोजत गेले. फक्त मीठ विकतचं होतं.

पाचवी पायरी: जनावरं, आधी छोटी

आमचा सगळ्यात मोठा तोटा इथे झाला. आल्या आल्या दोन संकरित गायी घेतल्या. देणाऱ्याने दिवसाला पंधरा लिटर सांगितलं होतं, मार्चपर्यंत दहा-बारा निघतही होतं. एप्रिल लागला तशा गायी धापा टाकायला लागल्या, चारा विकतचा, दूध चार लिटरवर आलं. जूनमध्ये निम्म्या किमतीत विकल्या.

आता कोणी विचारलं की सांगते, पहिलं वर्ष फक्त कोंबड्या. दहा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा. गावरान कोंबडी वर्षाला ६०-८० अंडी देते, घराला पुरतात. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडी ठेवली की २१ दिवसांत पिल्लं. खुराड्याला जाळी जमिनीत एक फूट गाडलेली हवी, मुंगूस खालून उकरून येतं. मानमोडीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून वेळेवर, त्यात हयगय नको. एक हयगय आणि अख्खं खुराडं चार दिवसांत रिकामं होतं.

दुसऱ्या वर्षी दोन शेळ्या. शेळी पाच महिन्यांत विते, उन्हाळा सोसते, बांधावरच्या पाल्यावर जगते आणि अडीनडीला विकून पैसा उभा राहतो. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्या. गाय तिसऱ्या वर्षी, तीही चाऱ्याचं रान तयार झाल्यावर. आमची गीर गाय दिवसाला पाच-सहा लिटर देते. संकरितच्या निम्मं, पण मे महिन्यातही देते. गाय, कालवड, वासरू मिळून रोज २५ किलो शेण होतं. तेवढ्यावर एक घनमीटरचा गोबरगॅस चालतो आणि सकाळचा स्वयंपाक त्यावर होतो. शेणाइतकंच पाणी कालवायचं, आणि बाहेर येणारी मळी सरळ उकिरड्यात न टाकता सावलीतल्या खड्ड्यात पाचटावर सोडायची.

सहावी पायरी: साठवण

पिकवणं जमतं, टिकवणं जमत नाही, म्हणून पुष्कळ जण पुन्हा दुकानाकडे वळतात. गहू-ज्वारी कडक उन्हात वाळवून दाताखाली कडकन फुटेपर्यंत ठेवा. गरम धान्य लगेच कोठीत भरू नका, रात्रभर निवू द्या. आम्ही एकदा संध्याकाळी गरमच भरलं, कोठीला आतून घाम सुटला आणि श्रावणात निम्मे गहू किड्यांनी पोखरलेले निघाले. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून थराथरात घाला. डाळींना एरंडेलाचा हात.

तुरीची डाळ जिजी घरीच करतात. तूर रात्रभर भिजवायची, सकाळी उपसून पाण्यात कालवलेला गेरू चोळायचा आणि धाब्यावर तीन दिवस उन्हात वाळवायची. धाबं म्हणजे आपल्याकडचं मातीचं सपाट छप्पर. खाली उन्हाळ्यात गारवा, वर वाळवणाला अंगण, म्हणून नव्या खोल्या बांधतानाही आम्ही जुनं धाबं पाडलं नाही. चौथ्या दिवशी जात्याचा वरचा दगड जरा उचलून, खुंटा सैल ठेवून तूर भरडायची. दगड बसलेला असेल तर डाळीचा चुरा होतो, फार उचलला तर दाणा तसाच खाली पडतो. जिजी हे कानाने ओळखतात. आवाज घरघर न येता टरटर येऊ लागला की म्हणतात, आता बरोबर. क्विंटलमागे सत्तर किलोच्या आसपास डाळ, बाकी चुनी आणि टरफल जनावरांना.

फाल्गुन-चैत्रात बिबडे, कुरडया, पापड, शेवया. बिबड्यांची ज्वारी तीन दिवस भिजवलेली, आंबलेल्या पिठाचा हिंग-तीळ-लसूण घालून शिजवलेला घाटा आणि ओल्या धोतरावर थापणाऱ्या सात-आठ बायका. हे काम एकटीने करायचं नसतंच. आज आमच्या धाब्यावर, उद्या शेजारच्या.

आणि इथेच मला एक गोष्ट मोकळेपणाने सांगायची आहे. किराण्याच्या यादीतून जी वस्तू कमी होते तिचं काम घरातल्या कोणाच्या तरी हातावर येतं आणि तो हात बहुतेक बाईचा असतो. तिसऱ्या वर्षी मी पहाटे साडेचारला उठून रात्री दहाला पाठ टेकत होते. दूध, डाळ, तूप, निवडणं, पाखडणं, भाजी. एक दिवस मी वहीत वस्तूंच्या शेजारी तास लिहायला लागले. महिनाअखेरी ती वही आम्ही सगळ्यांनी बसून वाचली. तेव्हापासून शेणगोठा आणि धार आमच्या ह्यांच्याकडे, कोंबड्या-मडकी मुलांकडे, आणि पिठासाठी घरघंटी आली. नवीन वस्तू घरी करायची तर आधी विचारायचं, हिचे तास कोणाचे? उत्तर मिळालं नाही तर ती वस्तू विकतच आणायची. साबण आम्ही करून पाहिला आणि सोडून दिला. गूळही विकतच. त्यात काही कमीपणा वाटत नाही.

पैशाचं

निदान दोन वर्षं घरातल्या एकाचा पगार किंवा बाहेरचं काम चालू ठेवा. आमचे हे पाचोऱ्याला तीन वर्षं नोकरीला जात होते. वर्षाला यादीतल्या दोन-तीन वस्तूंपेक्षा जास्त घरच्या करायला घेऊ नका. आमचा क्रम असा होता: पहिल्या वर्षी धान्य आणि अंडी, दुसऱ्या वर्षी डाळी आणि तेल, तिसऱ्या वर्षी दूध आणि वर्षभराचा मसाला. कापसाचा पैसा आला की आधी तीन भाग काढायचे. पुढच्या हंगामाचं बियाणं-मजुरी, मुलांची फी आणि दवाखाना. कर्ज काढून शेडनेट, टाकी, गोठा एकदम उभा करू नका.

यंदाच्या आखाजीला जिजींनी नेहमीसारखी पितरांची घागर भरली. घागरीवर सांजोरी ठेवली, तिचा रवा आमच्या गव्हाचा, तळणीचं तेल आमच्या शेंगांचं, साखर दुकानातली. डांगर, म्हणजे खरबूज, नदीकाठच्या वाडीतून अंड्यांच्या बदल्यात आलं. आंबे विकतचे होते. विहिरीजवळचं केशरचं कलम आता पुरुषभर उंच झालंय, यंदा त्याला पहिला मोहोर आला होता. झाड अजून लहान आहे म्हणून यांनी तो खुडून टाकला.